नियमात काठी न्हाई

गंगाधर खरात भाकरी मोडत नसे. आख्खी भाकरी दोन्ही हातांनी उचलायची, तोंडाशी न्यायची आणि कडेपासून दातांनी तोडत जायचं, मधूनच वाटीतलं कालवण ओरपायचं, अशी त्याची जेवायची तऱ्हा होती. होस्टेलवरची पोरं हसत. "खराता, भाकर पळून चालली का रं?" असं कुणी विचारलं की तो तोंडातला घास नीट चावून संपवी आणि म्हणे, "मोडायला टाइम हाय अजून." पोरांना वाटे, हा विनोद करतोय. गंगाधरनं उभ्या आयुष्यात एकच विनोद केल्याचं मला माहीत आहे. तो माझ्यावर होता, आणि तो शेवटी सांगेन.

मी तेव्हा जालन्याच्या एका कॉलेजात समाजशास्त्र शिकवत होतो. जालना अजून जिल्हा व्हायचं होतं आणि बाहात्तरच्या दुष्काळाची धूळ लोकांच्या अंगावरून पुरती झडली नव्हती. बी.ए.ला गुन्हेगारीच्या समाजशास्त्राचा एक पेपर होता. पोरं तो घेत, कारण त्यात गणित नव्हतं आणि मी मार्क सढळ हातानं देतो अशी माझी ख्याती होती. वर्गात वीस जण असत. एकोणीस जण खिडकीबाहेर बघत, आणि विसावा माझ्याकडे असा बघे की शिकवता शिकवता मी शर्टाची बटणं चाचपून घेई.

पहिल्याच आठवड्यात तास संपल्यावर तो टेबलाशी आला. उंच, काळा, हाडापेरानं मोठा पण अंगावर मांस नाही. "सर, जेलर व्हायला काय शिकावं लागतं?"

डॉक्टर, वकील, तहसीलदार व्हायचं म्हणणारी पोरं मी रोज बघत होतो. जेलर व्हायचं म्हणणारा हा पहिलाच. "का रे बाबा?" मी विचारलं.

"आवड हाय," तो म्हणाला. लोक 'दुखतंय' ज्या सुरात म्हणतात, त्या सुरात.

मला आनंद झाला. मी स्वतःला मोठा सुधारक समजत होतो. तुरुंग म्हणजे शाळा, कैदी म्हणजे बिघडलेलं लेकरू, असं मी वर्गात हात हलवून सांगे. शिक्षेचे चार हेतू फळ्यावर लिहून देई: सूड, दहशत, बंदोबस्त आणि सुधारणा. पैकी पहिला रानटी, दुसरा-तिसरा नाइलाजाचा आणि चौथा खरा. चाचणी परीक्षेत प्रश्नही तोच घातला. एकोणीस जणांनी माझीच वाक्यं मला परत केली. गंगाधरनं लिहिलं होतं, "शिक्षेचा हेतू एकच असतो, तो म्हणजे सूड. बाकीचे तीन त्याला घातलेले कपडे आहेत. सूड उघडा फिरायला लाजतो." पुढं दोन पानं असंच. मला राग आला. मी त्याला शंभरपैकी छत्तीस मार्क दिले आणि लाल शाईनं शेरा मारला, 'काठावर पास. विचार सुधारावेत.'

त्यानं पेपर घेतला, शेरा वाचला, घडी घालून खिशात ठेवला. वाद घातला नाही. तो वाद घालत नसे, लक्षात ठेवत असे.

पण मलाच चैन पडेना. विचार सुधारायचेच तर मी सुधारीन, असं म्हणून एका रविवारी दुपारी त्याला खोलीवर जेवायला बोलावलं. गंगाधरचं घर बौद्ध, आमचं अंबडकडच्या एका खेड्यातलं जमीनजुमल्याचं. एवढी ओळख सांगितली की आमच्या भागातल्या माणसाला बाकीचं सांगावं लागत नाही. पण मी शिकलेला होतो, मला त्यातलं काही शिवलेलं नव्हतं, निदान तसा माझा समज होता. आईनं गावाहून एस.टी.च्या कंडक्टरजवळ भाकऱ्या आणि ठेचा पाठवला होता. मी वर्तमानपत्र अंथरलं, एक भाकरी घेतली, दोन हातांनी मोडली आणि अर्धी त्याच्या ताटात ठेवली. आमच्याकडे आपल्या माणसाला असंच वाढतात.

गंगाधर ताडकन उठून उभा राहिला. हात भिंतीला लावून उभा, तोंड दाराकडे. मला वाटलं, याला चक्कर आली.

"काय झालं रे?"

"तुमचा दोष न्हाई सर," तो म्हणाला. "मोडलेली भाकर खाली उतरत न्हाई मला." आणि मग उभ्या उभ्याच त्यानं सगळं सांगितलं.

दुष्काळाच्या साली त्याच्या गावातल्या एका बड्या बागायतदाराच्या विहिरीवरून इंजिनाचा पट्टा चोरीला गेला. सकाळी त्या वाटेनं गंगाधरचा बाप सोनाजी खडी फोडायच्या कामावर गेला होता, एवढा पुरावा पुरेसा झाला. जामीन राहायला गावात माणूस मिळेना. तालुक्याच्या सबजेलात बावीस दिवस पडून राहावं लागलं. त्या तालुक्याचं नाव मी लिहीत नाही. गंगाधर अकरावीत होता. रोज पायी जाऊन बापाला भाकरी पोचवायचा. भाकरी एकच, रेशनवर मिळणाऱ्या परदेशी लाल ज्वारीची, मिलोची; आई आपल्या वाटची त्यात घालून जरा मोठी थापायची.

"दरवाज्यावर जमादार व्हता," गंगाधर म्हणाला. "बाहेरून आलेलं खाणं तपासून आत सोडायचं, ही त्याची ड्युटी. चिठ्ठी, ब्लेड, काय बी असू शकतं भाकरीत. बराबर हाय. दुसऱ्याचा डबा आला की हातात घ्यायचा, भाकर मोडून बघायचा, आत द्यायचा. मी दिसलो की वरडायचा, 'जयभीमवाल्याचा डबा आला रे.' मंग म्हणायचा, ठेव खाली. पायरीवर. आन काठीच्या टोकानं दाबून मोडायचा. त्याच काठीनं कुत्रं हाणायचा, त्याच काठीनं मोरी मोकळी करायचा. बावीस दिस, सर. बावीस भाकरी."

पट्टा पुढं बागायतदाराच्या मेव्हण्याच्याच विहिरीवर फिरताना सापडला. सोनाजी सुटला. चुकलं असं कुणी म्हणालं नाही. घरी आल्यावर बायकोनं ताट वाढलं, तर सोनाजीनं आख्खी भाकरी दोन्ही हातांत घट्ट धरली आणि कडेनं दातांनी तोडायला लागला. कुणी मोडून दिली तर ताट सारायचा. वर्षभर असाच जेवला आणि वर्षानं गेला.

"तवापासून आमच्या घरात भाकर मोडत न्हाईत," गंगाधर म्हणाला. "मोडीन तर त्याच्यासमोर मोडीन. माणसाला मारलं तर बुजतं, सर. भाकरीला मारलेलं बुजत न्हाई."

मी माझं नेहमीचं बोललो. सूड माणसाला आतून खातो, वगैरे. वाक्य चांगलं होतं, मी टाळ्याही घेत असे त्यावर.

"खाऊ द्या की," गंगाधर म्हणाला. "म्या बी उपाशीच हाय."

त्या दिवशी आईच्या शिदोरीतली एक न मोडलेली भाकरी त्याच्यापुढं ठेवली, ती त्यानं खाल्ली. पुढंही तो माझ्याकडे कितीदा जेवला. त्या वर्षांत मी कधी त्याच्याकडे जेवलो नाही. तसा प्रसंगच आला नाही, असं मी आजवर सांगत आलो.

तुरुंगाच्या नियमांचं जाडजूड पुस्तक आमच्या लायब्ररीत नव्हतं. मी औरंगाबादच्या एका वकील मित्राकडून महिन्याच्या बोलीवर आणून दिलं. इंग्रजी पुस्तक, धुळीनं माखलेलं. गंगाधरचं इंग्रजी कच्चं. शब्दकोश मांडीवर घेऊन त्यानं ते पोथीसारखं वाचलं. एक दिवस स्टाफरूममध्ये शिरला, तर डोळे चमकत होते. आमचे प्राध्यापक चहा पीत होते, त्यांच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं.

"सर, यात काठी न्हाई!"

"कुठली काठी?"

"बाहेरून आलेलं अन्न अधिकाऱ्यानं तपासावं, एवढंच हाय. काठीनं तपासावं असं कुठंच न्हाई. चारदा वाचलं."

मी पान वाचलं. "काठीनं नाही म्हणतोस ते खरं. पण हातानं असंही लिहिलेलं नाही."

गंगाधरनं पुस्तक मिटलं. "मंग हात माझा," तो म्हणाला.

तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. मला वाटलं, हा त्या माणसाच्या थोबाडीत मारायचं म्हणतोय. मी पुष्कळ समजावलं. त्याचं एकच पालुपद असे, "सर, मी बदला घेऊन राह्यलो न्हाई. अभ्यास करून राह्यलो." आणि अभ्यास तो असा करी की बाकीच्या एकोणिसांची मला लाज वाटे. बी.ए. झाला, तुरुंग खात्याच्या परीक्षेला बसला, लेखी पास झाला. मुलाखतीआधी माझ्याकडे आला. या नोकरीत का यायचंय, असं विचारतील तर काय सांगू?

"खरं सांगितलंस तर बाहेर काढतील," मी म्हणालो. "म्हण, कैद्यांची सुधारणा करायची आहे."

त्यानं ते वाक्य माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. निवड झाल्यावर पेढे घेऊन आला. "सर, तुमचा शब्द चालला. खोटा पैसा चालावा तसा बिलकुल चालला." मी पेढा खाल्ला. बाजारातला होता.

प्रशिक्षण संपलं, दुसऱ्या जिल्ह्यातल्या तुरुंगात नेमणूक झाली. अधूनमधून कार्ड येई. लोक ऑफिसातलं काम मागतात, हा दरवाज्याची ड्युटी मागून घेई. वरिष्ठांना वाटे, पोरगं मेहनती आहे. दरम्यान त्या जमादाराचं काय झालं ते मला जालन्याच्या बसस्टँडवर एका विद्यार्थ्याकडून कळलं. त्यानं एका कच्च्या कैद्याला काठीनं इतकं मारलं की पोराचा डोळा गेला. कैद्याचे नातेवाईक हुशार निघाले, प्रकरण दबलं नाही, जमादाराला अटक झाली. ज्या सबजेलात आयुष्य काढलं तिथं आपल्याच माणसांत त्याला ठेवणं बरोबर दिसेना, म्हणून दूरच्या तुरुंगात हलवला. कुठल्या, ते सांगायची गरज नाही. गंगाधर देव मानत नव्हता, मी मानत होतो. त्यामुळं धक्का मलाच बसला.

चार दिवसांत कार्ड आलं. तीन ओळींचं. 'सर, साष्टांग नमस्कार. प्रॅक्टिकल सुरू होत आहे. वेळ सकाळी अकरा. जल्दी यावे.'

मी हादरलो. हा त्याला जिवे मारणार, नोकरी घालवणार, आणि फासावर जाताना 'सुधारणेचा शब्द सरांनी दिला' असं सांगणार! दुसऱ्या दिवशी पहिली एस.टी. पकडली.

पोचलो तेव्हा अकराला पाच कमी होते. गंगाधर दरवाज्यात उभा होता. खाकी कपडे कडक इस्त्रीचे, हातात अधिकाऱ्याची छोटी काठी. मला पाहून नुसती मान हलवली आणि बाकावर बसायची खूण केली. कच्च्या कैद्यांच्या घरचे डबे यायची ती वेळ होती. बायामाणसं एकेक पुढं येत होती, एक शिपाई डबे तपासून आत देत होता. मग नऊवारीतली एक म्हातारी फडक्यात बांधलेला डबा घेऊन आली. शिपाई बाजूला झाला. सगळ्यांना हे माहीत असावं, कारण बोलणं थांबलं.

आतल्या जाळीच्या दाराआड तिचा नवरा, तो जमादार, उभा होता. मी मनात राक्षस रंगवला होता. हा वाकलेला, दाढीचे पांढरे खुंट वाढलेला, सदऱ्याची बाही उसवलेला म्हातारा निघाला. मला त्याची दया यायला हवी होती. खोटं कशाला सांगू, नाही आली. बरं वाटलं.

गंगाधरनं हातातली काठी कोपऱ्यात उभी केली. नळावर गेला, साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, सगळ्यांना दिसतील असे झटकले. म्हातारीकडून डबा घेतला, फडकं सोडलं. ज्वारीची पांढरीशुभ्र भाकरी होती. ती त्यानं दोन्ही तळव्यांवर घेतली आणि मोडली. आधी अर्धी, मग चतकोर, मग नितकोर. घाई नाही. प्रत्येक तुकडा बोटांनी उलटून बघितला, थाळीत ठेवला, थाळी जाळीखालून आत सरकवली.

"तपासली. खा," तो म्हणाला.

जमादार थाळीकडे बघत राहिला. पहिल्याच दिवशी साहेबांनी त्याला आपलं गाव आणि बापाचं नाव सांगितलं, तेव्हापासून दोन दिवस त्यानं थाळी तशीच परत केली होती, हे मला शिपायानं कानात सांगितलं. घरचा डबा लावलेल्याला तुरुंगातलं जेवण नसतं, त्यामुळं नुसतं पाणी आणि गूळ यावर होता. त्याचे ओठ हलले. काय म्हणाला ते पहिल्यांदा ऐकू आलं नाही. मग हात जोडून जरा मोठ्यानं म्हणाला,

"साहेब, पाया पडतो. काठीनं मोडा. पण हात लावू नका."

दरवाज्यात उभे असलेले सगळे ऐकत होते. म्हातारीनं पदर तोंडाला लावला. गंगाधरच्या कानशिलाची शीर मला बाकावरून दिसत होती. सात वर्षं ज्यासाठी घासली होती ती वेळ आली होती, आणि त्याचा आवाज अगदी शाळामास्तरासारखा निघाला.

"नियमात काठी न्हाई, जमादार."

शेवटी म्हातारीच म्हणाली, "खावा हो आता. भुकेनं मरता का?" जमादार खाली बसला. एक नितकोर उचलली, डोळे मिटले, तोंडात घातली. गळ्याची घाटी वरखाली होताना दिसली. गंगाधर शेवटचा तुकडा संपेपर्यंत हलला नाही. हसलाही नाही.

ती केस पुढं साडेतीन महिने चालली. तेवढ्या काळात गंगाधरनं एकही रजा घेतली नाही. ताप अंगात घेऊन अकराला दरवाज्यावर यायचा आणि हात धुवायचा. जमादाराला शिक्षा झाली त्या दिवशी सगळा तुरुंग खूश, आणि हा एकटा चिडलेला. शिक्षा झाली की घरचा डबा बंद होतो. "सर, अजून दोन तारखा पडायला पायजे व्हत्या," तो मला पुढं एकदा म्हणाला. "बावीस कवाच झाल्ते. पण मला थांबावंच वाटंना." माफ केलंस का, असं मी विचारलं नाही.

पण मी सांगतोय तो दिवस तिसराच होता. ड्युटी सुटल्यावर तो मला घेऊन मागच्या सरकारी क्वार्टरवर गेला. नवीन लग्न झालेलं. बायको शांता चुलीपुढं बसून भाकऱ्या थापत होती. आम्ही भिंतीला पाठ लावून बसलो. वांग्याचं कालवण, ठेचा, कांदा. मी मनात वाक्य जुळवत होतो. सूड आणि न्याय यांतला फरक, असं काहीसं. वर्गात चाललं असतं.

गंगाधरनं भाकरी दोन्ही हातांनी उचलली. मला वाटलं, आता कडेनं तोडणार. त्यानं ती मोडली. चुलीपुढं शांताचा हात पिठातच थांबला. तिनं नवऱ्याला भाकरी मोडताना कधी पाहिलं नव्हतं. आणि त्यानं अर्धी माझ्यापुढं धरली.

"घ्या सर."

माझा हात थांबला.

फार नाही. डोळ्याचं पातं लवावं तेवढाच. मी शपथेवर सांगतो, मी काही ठरवलं नव्हतं. ज्या हातानं मी इतकी वर्षं फळ्यावर सुधारणा लिहिली, त्या हातानं माझ्याआधी ठरवलं. मी त्याला देत आलो होतो, वाढत आलो होतो. त्याच्या हातचं घ्यायची वेळ आजच आली होती. आणि समोर बसलेल्या माणसाची नोकरीच हात बघायची होती.

त्यानं पाहिलं. हात मागं घेतला नाही. मी ती अर्धी भाकरी घेतली आणि खाल्ली. कालवण न लावता, कोरडीच. मी खात असताना तो माझ्याकडे बघत होता, तासाभरापूर्वी जाळीच्या दाराकडे बघत होता तसाच, शेवटचा तुकडा संपेपर्यंत. लाजेनं माझे कान तापले होते. मग त्याच्या तोंडावर हसू आलं. त्याला हसताना मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि ते हसू काही प्रेमाचं नव्हतं.

"सर," तो म्हणाला, "काठावर पास."

ते मार्क मी पुढं कधी वाढवून मागितले नाहीत. आता तर पेपर तपासणाराच राहिला नाही.